मध्ययुगीन स्त्रीची अपत्यहीनता हाडांवरून ओळखता येते का?

मध्ययुगीन युरोपातील दफनभूमीत एखाद्या स्त्रीचा सांगाडा मिळाला, तर तिचे वय, उंची, आहार आणि काही आजार यांविषयी बरेच काही सांगता येते. पण तिला मूल झाले होते का, या प्रश्नापाशी अभ्यासक अडतात. प्रसूतीच्या वेळी श्रोणीच्या (कमरेखालच्या भागातील) हाडांना धरून ठेवणारे अस्थिबंध ताणले जातात आणि त्यामुळे हाडांवर खळगे पडतात, असे विसाव्या शतकात बराच काळ मानले जाई, आणि ज्या सांगाड्यावर असे खळगे नाहीत ती स्त्री निपुत्रिक असावी, असा तर्कही त्यातूनच निघाला.

या समजुतीची कसोटी लागली ती लंडनमध्ये. स्पिटलफील्ड्स भागातील क्राइस्ट चर्चच्या तळघरात १९८४ ते १९८६ या काळात उत्खनन झाले. तेथील दफने अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील असली, तरी अनेक शवपेट्यांवर मृतांची नावे आणि वये कोरलेली होती, त्यामुळे कोणत्या स्त्रीला किती मुले झाली हे लेखी नोंदींशी ताडून पाहता आले. खळगे आणि बाळंतपणांची संख्या यांचा विश्वासार्ह संबंध त्यात आढळला नाही. तसे खळगे कधीकधी पुरुषांच्या हाडांवरही दिसतात. म्हणून जुन्या अहवालांत एखाद्या मध्ययुगीन स्त्रीला केवळ हाडांवरून अपत्यहीन ठरवलेले असेल, तर तो निष्कर्ष आज बाजूला ठेवणेच योग्य आहे.

आजारांचा पुरावा अधिक ठोस असतो, मात्र तो क्वचितच टिकतो. गर्भाशयातील फायब्रॉइडच्या गाठींत कॅल्शियम साचले, तर त्या दगडासारख्या टणक होऊन सांगाड्याच्या ओटीपोटाच्या जागी सापडू शकतात. स्पेनमधील ला फोगोनुसा येथे, मध्ययुगाच्या उंबरठ्यावरच्या उत्तर-रोमन काळातील एका स्त्रीच्या श्रोणीत अंडाशयाची अशीच एक टणक गाठ मिळाली, आणि त्या गाठीत चक्क दात होते. तरीही तेवढ्यावरून तिला मूल होऊ शकले नसेल असे म्हणता येत नाही, कारण एका अंडाशयात गाठ असली तरी दुसरे काम करू शकते.

प्राचीन डीएनएमुळे आता नात्यांचे जाळे उलगडते. हंगेरीतील अवार या मूळच्या भटक्या लोकांच्या काळातील (सहावे ते नववे शतक) चार दफनभूमींमधील ४२४ व्यक्तींच्या जनुकीय अभ्यासातून २०२४ साली अनेक पिढ्यांच्या वंशावळी मांडल्या गेल्या. त्यांत मुली लग्नानंतर माहेर सोडून जात असल्याचे दिसले. तेव्हा एखाद्या स्त्रीचे मूल तिच्या शेजारी पुरलेले सापडले नाही, तर ते दुसरीकडे नांदत असण्याची शक्यता आधी विचारात घ्यावी लागते.

मूल न होण्याचा दोष बहुधा स्त्रीच्याच माथी मारला जाई, म्हणून इटलीतील सालेर्नो येथे बाराव्या शतकात रचल्या गेलेल्या ‘त्रोतुला’ या स्त्रीरोगविषयक ग्रंथसंग्रहाचे मला विशेष महत्त्व वाटते. गर्भधारणेतील अडथळा पुरुषाकडूनही तितकाच येऊ शकतो, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. त्यात सांगितलेली परीक्षा अशी: दोन भांड्यांत कोंडा घ्यावा, एकात पतीचे आणि दुसऱ्यात पत्नीचे मूत्र घालून नऊ-दहा दिवस ठेवावे, आणि ज्याच्या भांड्यात किडे पडतील त्याच्याकडे दोष मानावा. शास्त्र म्हणून ही परीक्षा निरुपयोगी आहे, पण तिच्यात भांडी दोन आहेत, आणि दोन्ही स्वच्छ राहिली तर औषधाने दोघांना अपत्यप्राप्तीसाठी मदत करता येईल, असेही तेथे नोंदवलेले आहे.