‘गुडघा सटकतो’ म्हणजे नेमकं काय : खेळातल्या लिगामेंट दुखापतींची पार्श्वभूमी

मराठवाड्यात कबड्डीच्या मैदानावर कुणाचा गुडघा गेला, की त्याला तीन-चार ठरलेली नावं मिळतात. मुरगळला, लचकला, शीर तुटली, वाटी सरकली. पुढे कधीतरी शहरात जाऊन एमआरआय होतो, ‘लिगामेंट गेलं’, म्हणजे हाडाला हाडाशी बांधणारी पट्टी गेली, हे नाव येतं आणि आधीची सगळी मागे पडतात. अडचण अशी की या पाचही नावांमधून उपचार ठरवायला लागणारी माहिती मिळत नाही. आतल्या बाजूचं लिगामेंट ताणलं गेलं असेल तर पोरगा दीड-दोन महिन्यांत चढाईला उभा राहू शकतो. गुडघ्याच्या मधोमध असलेलं, नडगीला पुढे सरकू न देणारं एसीएल पूर्ण तुटलं असेल तर वर्षाचा प्रश्न असतो. घरी मात्र दोन्ही वेळा एकच निरोप जातो: ‘पाय मुरगळलाय.’

एमआरआय हाताशी नव्हता तेव्हाही या दुखापती ओळखल्या जात, त्या मुख्यतः खेळाडूच्या सांगण्यावरून आणि तपासणाऱ्याच्या हातावरून. गुडघा वीस-तीस अंश वाकवून, एका हाताने मांडी धरून दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढून पाहण्याची लॅकमन चाचणी १९७६ साली छापून आली. त्याआधी गुडघा नव्वद अंशांत वाकवून ओढण्याची पद्धत होती. ताज्या, सुजलेल्या गुडघ्यात मांडीमागचे स्नायू आखडलेले असतात आणि त्या चाचणीत तुटलेलं लिगामेंटही शाबूत वाटू शकतं. ‘तेव्हा तपासलं होतं, काही नाही म्हणाले’ असं सांगणाऱ्या कित्येक गुडघ्यांचं मूळ इथे आहे. सूज आणि वेदनेमुळे पहिल्या दिवशीची तपासणी अपुरी राहते. आठ-दहा दिवसांनी, सूज उतरल्यावर, ती पुन्हा करावीच लागते.

हाताइतकंच महत्त्व सांगण्याला आहे. पाय जमिनीवर टेकलेला होता का? कुणी धडकलं की स्वतःच वळताना झालं? ‘कट्’ असा आवाज आला किंवा आत काही सुटल्यासारखं वाटलं का? सूज किती वेळात आली? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा आणि तोच विचारायचा राहतो. मार लागल्यापासून दोन-तीन तासांत गुडघा टम्म फुगला तर आत रक्त साठलंय असं समजायचं. हाड मोडलेलं नसताना असा गुडघा भरला, तर दहापैकी साधारण सात जणांत एसीएल गेलेलं निघतं. सूज रात्रीतून हळूहळू चढली तर संशय आधी गादीवर, म्हणजे दोन हाडांमधल्या मेनिस्कसवर. गुडघा अडकला आहे, पूर्ण सरळच होत नाही, असं असेल तर फाटलेली गादी सांध्यात अडकलेली असू शकते. तिथे थांबायचं नसतं.

कसं पडला, यावरूनही बरंच कळतं. कोपरारक्षकाने घोटा धरला आहे आणि चढाई करणारा अंग पिळवटून मध्यरेषेकडे हात टाकतो आहे, ही एसीएल जाण्याची नेहमीची रीत. पाऊल जागेवर, मांडी वळलेली. साखळीतल्या गड्यावर बाहेरून कुणी कोसळलं तर आतल्या बाजूचं लिगामेंट ताणतं. वाकलेल्या गुडघ्यावर समोरून आपटलं तर मागचं, म्हणजे पीसीएल. खो-खोत खांबाला वळसा घालताना किंवा एकदम थांबून उलटं फिरताना कुणाचा धक्काही लागत नाही आणि गुडघा जातो. एसीएलच्या बहुसंख्य दुखापती अशाच, धडकेशिवाय होतात. म्हणून ‘कुणी लागलंच नाही, मग लिगामेंट कसं तुटेल?’ हा पालकांचा प्रश्न चुकीच्या समजुतीवर उभा असतो.

उपचारांचा जुना इतिहास थोडक्यात असा. तुटलेली क्रुसिएट लिगामेंटं (एसीएल आणि पीसीएल) शिवण्याची पहिली नोंदलेली शस्त्रक्रिया १८९५ साली इंग्लंडमध्ये एका खाणकामगारावर झाली. १९१७ मध्ये मांडीच्या बाहेरची पट्टी वापरून नवं लिगामेंट बसवण्याचा प्रयोग छापून आला. तरीही पुढची कित्येक दशकं टाके घालणं चालूच राहिलं. शेवटी १९७६ मध्ये अमेरिकेतल्या लष्करी छात्रांचा पाच वर्षांचा आढावा प्रसिद्ध झाला. टाके घातलेल्यांपैकी बहुतेकांचे गुडघे पुन्हा सैल झालेले होते. एसीएल तुटतं ते सुतळी उसवावी तसं, दोन्ही टोकं विसविशीत होतात आणि सांध्यातल्या द्रवात रक्ताची गाठ टिकत नाही. त्यानंतर स्वतःच्याच शरीरातला टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, काढून बसवण्याकडे कल गेला. गुडघ्याच्या वाटीखालचा टेंडन त्यासाठी १९६३ पासून वापरात होता. १९८०च्या दशकात कृत्रिम धाग्यांची लिगामेंटं आली. त्यांतली बरीच झिजली, तुटली, काहींनी सांध्यात सूज धरली. त्याच दशकात दुर्बिणीची शस्त्रक्रिया रुळली. १९९० मध्ये प्लास्टरऐवजी पहिल्या दिवसापासून गुडघा सरळ करायला आणि पायावर भार द्यायला लावणारी पद्धत मांडली गेली, आणि नंतरचे महिने कसे काढायचे याची जुनी रीत बदलून गेली.

एसीएल तुटलं की शस्त्रक्रिया करायचीच का, आणि केव्हा, हा यातला खरा वाद. आपल्याकडे त्याचं उत्तर बहुधा रिपोर्ट हातात पडताच, खोलीच्या दारातच ठरतं. तरुण आहे, खेळतो, एसीएल पूर्ण तुटलंय, तर तारीख घ्या. २०१० साली स्वीडनमधल्या एका अभ्यासाने या सरळ रेषेला धक्का दिला. १८ ते ३५ वयाचे, नियमित खेळणारे पण व्यावसायिक नसलेले १२१ जण त्यात होते. ६२ जणांची शस्त्रक्रिया लवकर झाली. उरलेल्या ५९ जणांना पद्धतशीर व्यायाम दिला आणि गुडघा सैलच राहिला तर नंतर शस्त्रक्रिया करायची मुभा ठेवली. दोन वर्षांत या ५९ पैकी २३ जणांनी ती करून घेतली, पाच वर्षांपर्यंत हा आकडा ३० झाला. वेदना, लक्षणं, खेळातली अडचण आणि रोजचं जगणं यांच्या मोजमापात दोन्ही गटांत फरक दिसला नाही. म्हणजे जवळजवळ निम्मे लोक पाच वर्षं शस्त्रक्रियेविना राहिले आणि मागेही पडले नाहीत.

या अभ्यासाचा दोन्ही बाजूंनी गैरवापर झाला. ‘एसीएलला ऑपरेशन लागतच नाही’ असं तो म्हणत नाही. त्यात व्यायाम म्हणजे तज्ज्ञाच्या देखरेखीखालचा, टप्प्याटप्प्याने वाढवलेला, महिनोन्‌महिने चाललेला कार्यक्रम होता. घरी पाय वर-खाली करणं किंवा शेकाच्या मशीनखाली पंधरा मिनिटं पडून राहणं हे त्यात बसत नाही. उशिरा गटात गादीच्या शस्त्रक्रिया नंतरच्या काळात जास्त निघाल्या, हेही खरं. २०२१ मधल्या नेदरलँड्समधल्या १६७ जणांच्या अभ्यासात लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांचे गुण थोडे वरचढ आले, पण व्यायामाने सुरुवात केलेल्यांपैकी निम्म्यांना दोन वर्षांत शस्त्रक्रिया लागली नाही. २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या ३१६ जणांच्या अभ्यासात चित्र वेगळं दिसलं. तिथे दुखापत जुनी होती, गुडघा सटकत, म्हणजे वळताना एकदम निसटून आधार सोडत राहिला होता, आणि अशांना शस्त्रक्रिया सरस ठरली.

तिन्ही निकाल शेजारी ठेवले तर विरोध उरत नाही. ताज्या दुखापतीत निर्णयाला काही महिने अवधी देता येतो, मात्र गुडघा सटकत असताना अंगावर काढणं महागात पडतं. प्रत्येक सटकण्यात गादी आणि कूर्चा झिजते. मराठवाड्यातलं नुकसान होतं ते इथेच. पहिल्या दुखापतीनंतर सूज महिन्याभरात उतरते, चालता येतं, पोरगा परत मैदानात उतरतो. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा सटकतो. वर्ष-दीड वर्षाने तपासणी होते तेव्हा लिगामेंटसोबत गादीही फाटलेली असते. मग शस्त्रक्रिया मोठी होते आणि पुढे सांधा लवकर झिजण्याची धास्ती आयुष्यभर राहते.

उलट बाजूची घाईही तेवढीच घातक. गुडघा सुजलेला, गरम, पूर्ण सरळ न होणारा असताना पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात शस्त्रक्रिया केली तर सांधा आखडून बसण्याचा धोका वाढतो. आधी टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा सरळ करायचा, मांडीचा पुढचा स्नायू आवळून दहा मोजायचे, सूज उतरवायची, लंगडणं थांबवायचं. याला साधारण तीन ते सहा आठवडे जातात. मांडीत ताकद असलेला गुडघा शस्त्रक्रियेनंतरही लवकर सावरतो, म्हणून ऑपरेशन ठरलेलं असलं तरी हे आठवडे फुकट जात नाहीत. याला अपवाद अडकलेली गादी, एकाच वेळी तुटलेली अनेक लिगामेंटं, आणि पायाची नाडी किंवा संवेदना गेलेला गुडघा. शेवटचा तर त्याच तासात मोठ्या रुग्णालयात पोचला पाहिजे.

तुटलेलं एसीएल आपोआप सांधतच नाही, हे जुनं वाक्यही आता तितकं ठाम राहिलेलं नाही. स्वीडनमधल्या त्याच रुग्णांचे एमआरआय नंतर पुन्हा पाहिले तेव्हा केवळ व्यायामावर राहिलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं लिगामेंट सांधल्याच्या खुणा दिसल्या. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातून ८० जणांची माहिती आली. गुडघा चार आठवडे नव्वद अंशांत बांधून ठेवला, आणि तीन महिन्यांनी दहापैकी नऊ जणांत सांधल्याची चिन्हं दिसली. तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि पाय असा बांधून ठेवल्यावर रक्ताच्या गुठळीचा धोका असतो. गावात पट्ट्या बांधून हा प्रयोग अजिबात करू नये.

रिपोर्टमधल्या ‘ग्रेड’ने आणखी एक घोळ घातला आहे. लिगामेंटची १, २, ३ अशी प्रतवारी १९६०च्या दशकापासून चालत आली: ताण, अर्धवट तुटणं, पूर्ण तुटणं. गादीच्या एमआरआयमध्येही ग्रेड १, २, ३ लिहितात. मात्र तिथे १ आणि २ म्हणजे आतला बदल, पृष्ठभागापर्यंत न पोचलेला. फाटलेली म्हणायची ती ३. त्यामुळे ‘गादी ग्रेड २ आहे’ हे ऐकून अर्धी फाटली असं समजणारे घाबरतात, आणि ‘लिगामेंट ग्रेड २ आहे’ ऐकून तेवढंच ना म्हणणारे निर्धास्त होतात. दोन्ही चूक. ‘पार्शल टेअर’ (अर्धवट तुटलेलं) लिहिलेलं एसीएल हाताने तपासल्यावर पूर्ण सैल निघू शकतं. गुडघा हाताला सैल लागतो का आणि खेळताना सटकतो का, या दोन गोष्टी कागदापेक्षा वरच्या.

प्रथमोपचारही बदलत गेले. विश्रांती, बर्फ, दाब, पाय उंच, हा चौकडीचा मंत्र १९७८ मध्ये आला. तो मांडणाऱ्यानेच नंतर बर्फाबाबतचा आग्रह सौम्य केला. २०१२ मध्ये निव्वळ विश्रांतीऐवजी झेपेल तेवढा भार देण्याची सूचना पुढे आली. आपल्या आखाड्यात मात्र पहिल्याच संध्याकाळी तेल लावून चोळणं आणि ओढून ‘बसवणं’ चालू आहे. आंबेहळदीचा लेप वरून लावला तर त्यात फार बिघडत नाही; बिघडतं ते जोर लावून चोळल्याने. पहिल्या दोन-तीन दिवसांत चोळलं की आतला रक्तस्राव वाढतो. कोपराला असं चोळल्याने स्नायूत हाड धरू शकतं आणि हात कायमचा अर्धा वाकलेला राहू शकतो. वस्तादांनी कोपर चोळू देऊ नये, हे स्पष्ट सांगायला हवं.

घोट्यासाठी १९९२ मध्ये कॅनडात ठरलेले नियम खेड्यातल्या सरांनाही वापरता येतील इतके साधे आहेत. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेला, खालच्या सहा सेंटिमीटरमध्ये दाबल्यावर दुखतं का? करंगळीकडच्या हाडाच्या बुडाशी किंवा पावलाच्या आतल्या उंचवट्यावर दुखतं का? लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावलं टाकता येत नाहीत का? एकाचंही उत्तर ‘हो’ आलं तर एक्स-रे. सगळी उत्तरं ‘नाही’ असतील तर बहुधा लिगामेंटचीच दुखापत. मग घोट्याला आधार, लवकर चालणं, आणि दोन आठवड्यांनी एका पायावर तोल सांभाळण्याचा सराव. तो टाळला की तोच घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो.

मैदान बदललं तशा दुखापतीही बदलल्या. १९९० मध्ये कबड्डी आशियाई खेळांत गेली, २०१४ पासून व्यावसायिक लीग आली आणि मॅट तालुक्यापर्यंत पोचली. मातीत पाऊल थोडं घसरतं. मॅटवर रबरी तळव्याचा बूट जागीच धरतो आणि पीळ गुडघ्यावर जातो. मॅटचे तुकडे नीट न जोडता सिमेंटच्या ओट्यावर टाकले तर फटीत बोट अडकतं ते वेगळंच. शालेय स्पर्धा पावसाळ्यात सुरू होतात, तेव्हा काळी माती तळव्याला चिकटून पाऊल जड करते. उन्हाळ्यात तिलाच भेगा पडतात. मैदानावर मुरूम टाकून रोलर फिरवणं हा खर्च गुडघ्यांसाठीचा समजला पाहिजे.

शस्त्रक्रियेनंतर परत खेळायचं कधी, याचं उत्तर पूर्वी ‘सहा महिने’ असं ठोकळ दिलं जाई. बसवलेला टेंडन पहिल्या तीन महिन्यांत कमजोर होतो आणि नंतर हळूहळू लिगामेंटसारखा घडतो. दुखणं मात्र त्याआधीच थांबलेलं असतं, त्यामुळे पोरांना वाटतं झालं. २०१६ मध्ये नॉर्वे आणि अमेरिकेतून आलेल्या अभ्यासात नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितकं लांबवलं, तितका नव्या दुखापतीचा धोका दर महिन्याला जवळपास निम्म्याने घटला. पंचविशीच्या आतल्या, खेळात परतलेल्या खेळाडूंत साधारण चारातल्या एकाला त्याच किंवा दुसऱ्या गुडघ्याचं एसीएल पुन्हा जातं. म्हणून आता तारखेसोबत कसोट्या लावतात: मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के, एका पायावरच्या उड्यांत तेवढंच अंतर, सूज नाही, उडीवरून उतरताना गुडघा आत पडत नाही. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं यात सगळ्यात जास्त घाई करतात. १६०० मीटर सरळ धावता आलं म्हणजे गुडघा कबड्डीला तयार झाला असं होत नाही. सरळ धावण्यात एसीएलची परीक्षाच होत नाही.

मुलींमध्ये वळणं-थांबण्याच्या खेळांत एसीएल जाण्याचं प्रमाण मुलांच्या किमान दुप्पट आढळतं, आणि खो-खो, कबड्डी हे दोन्ही तसेच खेळ. फुटबॉलसाठी २००६ मध्ये तयार झालेला वीस मिनिटांचा वॉर्म-अप इथेही जसाच्या तसा चालतो: हलकं धावणं, मांडीमागच्या आणि पोटाच्या स्नायूंचे व्यायाम, एका पायावर तोल, उडी मारून गुडघे बाहेर ठेवत मऊ उतरणं, शेवटी वळणं घेत धावणं. आठवड्यातून किमान दोनदा, पूर्ण हंगामभर केला तरच त्याचा उपयोग दिसतो. स्पर्धेच्या सकाळी दहा मिनिटं हातपाय झटकल्याने लिगामेंटला काहीही मिळत नाही.