शेंगेन क्षेत्र

आपसांतील सीमांवरची पासपोर्ट तपासणी काढून टाकलेल्या २९ युरोपीय देशांचा प्रदेश. यांपैकी २५ देश युरोपीय संघाचे सदस्य आहेत. आइसलँड, नॉर्वे, स्वित्झर्लंड आणि लिख्टेनस्टाइन संघाबाहेरचे. आयर्लंड व सायप्रस संघात असूनही या क्षेत्रात नाहीत.

याची सुरुवात रस्त्यावर झाली. सीमेवरच्या रखडपट्टीला वैतागून १९८४ साली ट्रकचालकांनी रस्ते अडवले. त्याच वर्षी जुलैत फ्रान्स व पश्चिम जर्मनीने सारब्रुकेन येथे तपासणी सैल करण्याचा करार केला. पुढे १४ जून १९८५ रोजी या दोघांसह बेल्जियम, नेदरलँड्स व लक्झेंबर्ग यांनी मोझेल नदीतल्या ‘प्रिन्सेस मारी-आस्ट्रिड’ या बोटीवर सीमांवरची तपासणी टप्प्याटप्प्याने बंद करण्याच्या करारावर सह्या केल्या. लक्झेंबर्ग, फ्रान्स आणि जर्मनी यांच्या सीमा जिथे मिळतात, तिथले शेंगेन हे काठावरचे लहानसे गाव; त्याचेच नाव कराराला मिळाले. प्रत्यक्ष तपासणी थांबली ती २६ मार्च १९९५ पासून, सात देशांत. आज फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गची ट्राम ऱ्हाइन ओलांडून जर्मनीतल्या केल गावी जाते आणि लोक तिने रोजच्या खरेदीला जातात. दोन महायुद्धे पाहिलेल्या या काठांवर ही गोष्ट मोठीच म्हटली पाहिजे.

भारतीय प्रवाशाची तपासणी क्षेत्रात शिरताना आणि क्षेत्र सोडताना होते. मुंबईहून फ्रँकफुर्टमार्गे रोमला जाणाऱ्याचा पासपोर्ट फ्रँकफुर्टलाच पाहिला जातो; रोमला तो देशांतर्गत विमानातून आल्यासारखा बाहेर पडतो. अल्पकालीन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. देश बदलला म्हणून मोजणी नव्याने सुरू होत नाही, आणि येण्याचा व जाण्याचा असे दोन्ही दिवस धरले जातात. अनेकांची फसगत होते ती लंडनमुळे. पॅरिसहून लंडनला गेले की क्षेत्र सुटते. परत यायचे तर एकाच प्रवेशाचा व्हिसा चालत नाही. लंडनहून पॅरिसला जाताना फ्रेंच पोलीस सेंट पँक्रस स्थानकातच, गाडीत बसण्यापूर्वी पासपोर्ट तपासतात.

आतल्या सीमा मोकळ्या असल्या तरी पासपोर्ट हॉटेलात ठेवून शेजारच्या देशात जाऊ नये. सुरक्षेला धोका असल्यास सदस्य देश काही काळ तपासणी पुन्हा सुरू करू शकतो. फ्रान्सने ती नोव्हेंबर २०१५ मध्ये सुरू केली आणि वेळोवेळी मुदत वाढवली. जर्मनीने १६ सप्टेंबर २०२४ पासून सर्व भू-सीमांवर लागू केली. वर्षानुवर्षे चालणाऱ्या अशा तपासणीने कराराचा मूळ हेतूच पोखरला जातो. स्वित्झर्लंडच्या सीमेवर जकात अधिकारीही भेटतात, कारण तो देश युरोपीय संघाच्या जकात संघात नाही.

बाह्य सीमेवर शिक्क्याऐवजी संगणकीय नोंद करणारी व्यवस्था १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. तीत चेहऱ्याचे छायाचित्र आणि बोटांचे ठसे घेतात. व्हिसाधारकांचे ठसे अर्जाच्या वेळीच घेतलेले असल्याने त्यांचे फक्त छायाचित्र नोंदवले जाते.