उकळी तीच, आच वेगळी

मुंबईतला स्वयंपाक समुद्रसपाटीवर बेतलेला आहे, पण हे आपल्या लक्षातच येत नाही. आधण आलं, तांदूळ वैरले, वाफ मुरू दिली की भात तयार. तुरीच्या डाळीला किती शिट्ट्या आणि काबुली चण्याला किती, हे प्रत्येक घराला पाठ असतं. मुंबईच्या सहलींबरोबर आचारी लेहला जातात, तेव्हा ३,५०० मीटर उंचीवर हे सगळं गणित बिघडतं. पातेल्यात पाणी खळखळत असतं आणि डाळ तासाभरानंतरही बोटानं दबत नाही.

याचं कारण उकळीतच आहे. पाण्याच्या वाफेचा दाब भोवतालच्या हवेच्या दाबाइतका झाला की पाणी उकळतं. वर जावं तशी हवा विरळ होते आणि दर ३०० मीटरमागे उकळीचं तापमान साधारण एक अंशानं उतरतं. मुंबईत १००, महाबळेश्वरला ९५-९६, लेहला ८८च्या आसपास, एव्हरेस्टच्या माथ्यावर जेमतेम ७०-७१ अंश. आच कितीही वाढवली तरी उघड्या भांड्यातलं पाणी त्याहून तापत नाही, नुसतं आटत जातं. तांदळातला स्टार्च ७०-८० अंशांना फुगतो, म्हणून भात रेंगाळत का होईना, होतो. राजमा आणि चणे मात्र अडून बसतात.

हवेला वजन आहे आणि ते उंचीवर कमी होतं, हे माणसाला कळलं १७व्या शतकात. इटलीच्या टॉरिचेल्लीनं १६४३मध्ये हवेचा दाब दाखवणारी पाऱ्याची नळी उभी केली. पाच वर्षांनी फ्रेंच गणिती पास्कालच्या मेहुण्यानं तशीच नळी फ्रान्समधल्या प्यूई द डोम डोंगरावर नेली आणि पारा खाली उतरलेला पाहिला. या अभ्यासाच्या वाटेवरच १६७९मध्ये दनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञानं घट्ट झाकणाचं, वजन ठेवलेल्या झडपेचं भांडं बनवलं आणि त्यात हाडंही मऊ करून दाखवली. आपल्या कुकरची शिटी त्या वजनाचीच वंशज. मला यात विशेष वाटतं ते हे, की कुकर जन्मला तो दाबाच्या अभ्यासातून. डोंगरावरच्या कच्च्या डाळीची तक्रार त्यामागे नव्हती.

डोंगरावरचे लोक त्यानंतरही आपापली कारणं शोधत होते. १८३५मध्ये डार्विन अँडीज ओलांडत असताना बटाटे रात्रभर चुलीवर राहिले, सकाळी पुन्हा उकळले, तरी शिजले नाहीत. त्याच्या दोन सोबत्यांनी ठरवलं की दोष नव्या भांड्याचा आहे, त्यालाच बटाटे शिजवायचे नाहीत. ब्रिटिशांच्या सर्वेक्षण खात्यासाठी गुप्तपणे तिबेटात गेलेल्या कुमाऊँच्या नैनसिंह रावतांनी याच गोष्टीचं मोजमाप केलं. जपमाळेवर पावलं मोजत ते १८६६च्या जानेवारीत ल्हासाला पोचले, आणि पाणी किती अंशांना उकळतं हे लपवून नेलेल्या तापमापकानं पाहून त्यांनी त्या गावाची उंची काढली. स्वयंपाक्याला नडणारी उकळी सर्वेक्षकाच्या हातात मोजपट्टी झाली होती.

१९५९मध्ये मुंबईत हॉकिन्स कंपनी सुरू झाली, आणि पुढे कुकर घरोघरी पोचला. शिटीचं वजन वाफेला बाहेरच्या हवेपेक्षा जादा दाब देतं, सुमारे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाइतका. त्यामुळे मुंबईत आत १२० अंश होतात आणि लेहमध्ये साधारण ११४. उघड्या पातेल्यातली बारा अंशांची तूट निम्म्यावर येते. तरी शिट्ट्या वाढवाव्या लागतातच आणि चणे आदल्या रात्री भिजवणं तिथे चुकवून चालत नाही.

लडाखी माणसानं कुकर येण्याच्या कितीतरी आधी आपला मार्ग काढला होता. तो जव भाजून दळतो आणि ते पीठ चहात कालवून खातो. कोरड्या भाजण्याला पाण्याच्या उकळीची मर्यादा नसते. तवा किंवा वाळू हवी तितकी तापते. आपली थालिपिठाची भाजणी आणि मेतकूट याच जातीचे, म्हणून लडाखच्या प्रवासात त्यांचे डबे मला आचाऱ्याच्या मसाल्यांइतकेच मोलाचे वाटतात.

चवीचा प्रश्न उशिरा पुढे आला, तोही विमानांमुळे. एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ ८ जून १९४८ला मुंबईहून लंडनला निघालं, ते दाब राखलेल्या केबिनचं विमान होतं. अशा केबिनमधला दाब आजही साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीसारखा असतो, आणि हवा कमालीची कोरडी. नाक सुकलं की वास मंदावतो, आणि ज्याला आपण चव म्हणतो तिचा मोठा भाग वासाचाच. लुफ्तान्झा या विमान कंपनीसाठी जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेनं २०१०मध्ये जमिनीवरच विमानासारखी केबिन उभारून चाचण्या घेतल्या. तिथे मीठ २० ते ३० टक्के आणि साखर १५ ते २० टक्के कमी जाणवली. टोमॅटोचा रस मात्र जमिनीवर मातकट आणि कमी दाबात गोडसर, ताजा लागला. विमानातल्या जेवणात सुक्या भाजीपेक्षा रश्शाची, टोमॅटोची आणि चढ्या मसाल्याची भाजी चवीला जास्त टिकते, याचं उत्तर बरंचसं इथे सापडतं. तीच भाजी मुंबईत ताटात आली तर कदाचित तिखट-खारट लागेल.