पार्श्वभूमी: ‘ध्येय’ गळ्यात पडण्याआधी

सुखी राहायचे तर आयुष्याला ध्येय हवेच का, हा प्रश्न मराठवाड्यात दोन वेळा हमखास निघतो. एकदा बारावीच्या निकालानंतर, एकदा निवृत्तीच्या समारंभानंतर. पहिल्या वेळी तो आईबाप विचारतात, दुसऱ्या वेळी बायको. विचारण्याचा सूर असा, की उत्तर ‘हो’च धरलेले असते. या ‘हो’मागे इतिहास आहे, पण तो वाटतो तेवढा जुना नाही.

शब्दापासूनच घोळ सुरू होतो. संस्कृतात ध्येय म्हणजे ज्याचे ध्यान करायचे ते. ध्याता, ध्यान आणि ध्येय अशी त्रिपुटी, आणि तीही अखेर विरून जावी अशी अपेक्षा. गाठायचा टप्पा, मारायची मजल हा अर्थ त्यात नव्हता. जन्माला येऊन मिळवायचे काय, यासाठी पुरुषार्थ हा शब्द होता, आणि त्यातले धर्म, अर्थ, काम, मोक्ष सगळ्यांना सारखेच. आपापले वेगळे शोधून काढा, असे कोणी कोणाला सांगत नव्हते. ‘प्रयोजन’ हा शब्द तर आपल्याकडे जेवणावळीच्या घरी जाऊन बसला. कार्यप्रयोजन म्हटले की मांडव आणि आचारी डोळ्यांपुढे येतात.

संतांकडे बोट दाखवणाऱ्यांना इथल्या मातीत दोन्ही बाजूंचा पुरावा मिळतो. जांब गावी १६०८ मध्ये जन्मलेल्या समर्थ रामदासांनी यत्नालाच देव म्हटले. त्यांच्या कितीतरी आधी गंगाखेडात जन्मलेली दासी जनाबाई दळता दळता गायली, आणि तिच्या अभंगांत विठ्ठलच जात्याशी येऊन बसतो. तिला उठून कुठे पोहोचायचे नसते.

आजच्या अर्थाचे ध्येय आपल्याकडे आले ते शाळेतून. निजामाच्या राज्यात वरचे शिक्षण आणि कारभार उर्दूत होता, त्यामुळे जुन्या शिकलेल्या माणसांच्या तोंडी ‘मकसद’ असे. ‘ध्येय’ आणि ‘ध्येयवादी’ हे शब्द राष्ट्रीय शाळांच्या वाऱ्याबरोबर आले. हिप्परगा येथे १९२१ मध्ये अशी एक शाळा सुरू झाली. तिथला एक शिक्षक पुढे संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ या नावाने हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा नेता झाला. हे ध्येय सगळ्यांचे मिळून एक होते आणि ते संपणारे होते. १७ सप्टेंबर १९४८ ला ते संपलेही. सुखाचे आश्वासन त्यात कुठेच नव्हते, उलट ध्येयवादी मास्तराच्या घरी डब्यात पीठ नसणार हे गावाने धरूनच चाललेले असे. मुलगी द्यायची तर ध्येयवादी स्थळ लोक टाळत.

मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा, नामांतराचा लढाही त्याच जातीचा. २७ जुलै १९७८ चा ठराव ते १४ जानेवारी १९९४ चा नामविस्तार, या साडेपंधरा वर्षांत कित्येकांची तारुण्ये गेली, घरे जळाली, माणसे गेली. त्या कार्यकर्त्यांना ‘तुम्ही सुखी आहात का’ असे विचारण्याचे धाडस कोणी केले नसते.

शब्द पालटला तो लातुरात. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिथल्या एका महाविद्यालयाने पहाटेपासून रात्रीपर्यंतचा सराव बसवून दिला, गुणवत्ता यादीत लातूरची नावे रांगेने लागू लागली आणि ‘लातूर पॅटर्न’ हे नाव राज्यभर झाले. या पॅटर्नने गरिबाघरच्या शेकडो पोरांना डॉक्टर, इंजिनिअर केले, हे नाकारणारा मी नाही. पण ध्येय एकट्याचे झाले ते इथे. नांदेड, परभणी, बीडकडची पोरे खोली करून राहू लागली, मेसचा डबा लावू लागली आणि वहीच्या पहिल्या पानावर ‘माझे ध्येय’ लिहू लागली. मी राहायचो त्या खोलीत आम्ही चौघे होतो आणि चौघांच्या पानावर एकच शब्द होता: एमबीबीएस. चौघांना एकच ध्येय कसे सुचले, याचे तेव्हा नवल वाटले नाही. २०१६ पासून वैद्यकीय प्रवेशाला देशभर एकच परीक्षा सक्तीची झाली आणि ‘रिपीटर’ हा शब्द घरोघरी गेला. दोन-दोन, तीन-तीन वर्षे परीक्षा देत राहणाऱ्या पोराला ध्येय नाही असे म्हणता येत नाही. सुखी आहे असेही म्हणता येत नाही.

ध्येय आणि सुख यांची गाठ बांधली ती मात्र परदेशातल्या मानसशास्त्राने, आणि तिथला एक निर्णय नीट पाहण्यासारखा आहे. १९८९ मध्ये एका अमेरिकी संशोधिकेने मानसिक सुस्थितीची सहा अंगे ठरवली. स्वतःचा स्वीकार, चांगली नाती, स्वायत्तता, परिस्थितीवर पकड, व्यक्तिगत वाढ, आणि सहावे आयुष्यातला हेतू. या सहांची प्रश्नावली पुढे जगभर वापरली गेली. यात मेख अशी की हेतू हा सुस्थितीचा भागच ठरवला, तर ज्याला हेतू नाही त्याची सुस्थिती कमी भरणारच. ते संशोधनातून निघालेले उत्तर नव्हे, ती व्याख्या आहे. त्या संशोधिकेचे म्हणणे होते की निव्वळ आनंद मोजून माणसाचे बरे चालले आहे का ते कळत नाही. म्हणणे रास्त आहे. अडचण आहे ती प्रश्नांत. ‘मी एकेक दिवस जगतो, भविष्याचा फारसा विचार करत नाही’ या वाक्याला होकार दिला की गुण कमी होतात. ‘आयुष्यात करायचे ते सगळे करून झाले असे कधी कधी वाटते’ याला होकार दिला तरीही कमीच.

ही दोन वाक्ये मी औसा तालुक्यातल्या माझ्या आत्याला वाचून दाखवली. पहिल्यावर ती म्हणाली, “मग? पाऊस पडंल का न्हाई ते ठावं न्हाई, उद्याचं आज काय बोलावं?” दुसऱ्यावर तिचा चेहरा खुलला. लेकरांची लग्ने झाली, विहिरीला पाणी लागले, डोक्यावरचे कर्ज फिटले. “झालं की बाबा सगळं,” म्हणाली. आपण याला कृतार्थता म्हणतो. प्रश्नावलीत आत्या दोन्हीकडे हरली. कोरडवाहू शेतीत एकेक दिवस जगणे हा भरकटल्याचा पुरावा नाही, ती रीत आहे.

नंतरच्या अभ्यासांनी चित्र थोडे मोकळे केले. २००६ च्या एका अमेरिकी मापनाने आयुष्यात अर्थ ‘असणे’ आणि तो ‘शोधत असणे’ वेगळे केले. तिथे शोधणारी माणसे जास्त समाधानी निघाली नाहीत, आहे त्यात अर्थ दिसणारी निघाली. २०१४ मध्ये १३२ देशांची तुलना झाली, तेव्हा आयुष्याला महत्त्वाचा हेतू किंवा अर्थ आहे असे गरीब देशांतले लोक जास्त प्रमाणात म्हणाले आणि त्याच देशांत आयुष्याबद्दलचे समाधान कमी होते. म्हणजे दोन गोष्टी सोबत चालतातच असे नाही. याचे एक कारण धर्मश्रद्धा, असे अभ्यासकांनी दाखवले. आपल्याकडे काही वक्ते यावरून ‘गरिबी बरी’ असा अर्थ काढतात. ऊसतोडीला जाताना मुकादमाकडून उचल घेणाऱ्या जोडप्यापुढे उभे राहून त्यांनी तो काढावा.

ध्येयाच्या बाजूने सगळ्यात जास्त पुढे केला जातो तो जपानचा दाखला. ओसाकी भागातल्या सुमारे ४३ हजार लोकांचा सात वर्षे मागोवा घेतलेला अभ्यास २००८ मध्ये आला. ज्यांना ‘इकिगाई’ आहे असे वाटत होते, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण कमी दिसले. पण इकिगाई म्हणजे जगण्यासारखे वाटावे असे काही. त्यात नातवंड बसते, परसातला वाफा बसतो, सकाळचा चहाही बसतो. आवडते ते, जमते ते, जगाला हवे ते आणि ज्याचे पैसे मिळतात ते, अशा चार वर्तुळांची जी ‘इकिगाई’ची आकृती आज सगळीकडे फिरते, ती जपानी नाही. स्पेनमध्ये हेतूवर काढलेल्या एका आकृतीच्या मधोमध २०१४ मध्ये एका इंग्रज ब्लॉगरने ‘इकिगाई’ हा शब्द बसवला. चौथे वर्तुळ पैशाचे आहे, ते जपानी म्हाताऱ्यांना कोणी विचारले नव्हते.

हीच आकृती परवा लातूरच्या बाजारपेठेत, गंजगोलाईजवळ एका क्लासच्या पत्रकावर दिसली. मधोमध ठळक अक्षरांत ‘ध्येय’, आणि पैशाच्या वर्तुळात ‘एमबीबीएस’.