मास्पालोमासची वाळू सहारातून उडून आलेली नाहीये!

अटलांटिक महासागरातल्या स्पेनच्या ग्रान कॅनारिया बेटाच्या दक्षिण टोकाला मास्पालोमासचे वाळूचे डोंगर आहेत, आणि जो तो सांगतो की ही वाळू सहारातून वाऱ्याने उडत आली. ऐकायला भारी वाटतं, पण खरं नाही. आफ्रिकेचा किनारा तिथून साधारण 200 किमी, मधे खोल समुद्र, आणि वाळूचा कण वाऱ्यात फार वर जातच नाही हो, जमिनीलगत टुणटुण उड्या मारत सरकतो, मग तो एवढा समुद्र कसा ओलांडणार? सहारातून येते ती पिठासारखी बारीक धूळ, 'कालिमा' म्हणतात तिकडे, ती आली की आकाश पिवळट होतं, गाड्यांवर थर बसतो, पण तिचे डोंगर होत नाहीत.

वाळू तिथलीच आहे. मूठभर घेऊन नीट बघा, फिकट कण म्हणजे शंखशिंपल्यांचा चुरा आणि काळे कण बेटाच्याच ज्वालामुखी खडकाचे, समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेले. पुढे ईशान्येचा वारा ती प्लाया देल इंग्लेस या लगतच्या किनाऱ्याकडून पश्चिमेला ढकलत नेतो.

गोंधळ बहुतेक शेजारच्या तेनेरीफ बेटामुळे होत असावा, तिथल्या तेरेसितास बीचवर 1970 च्या दशकात खरोखर सहाराची वाळू आणून टाकली, पण जहाजाने!

आणि म्हणूनच सांगतो, तिथे गेलात तर आखलेल्या वाटेवरूनच चाला आणि बाटलीत वाळू भरून आणू नका प्लीज, सहारा काही ती भरून देणार नाहीये.