वाळूचं नेढं

राजगडच्या सुवेळा माचीवरच्या नेढ्यात, म्हणजे कातळाला आरपार पडलेल्या भोकात, ज्यानं वारा खाल्लाय, त्याला डोंगर आरपार होणं म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. आम्ही कोल्हापूरची डोंगरभटकी माणसं. अमेरिकेतल्या युटा राज्यातलं आर्चेस राष्ट्रीय उद्यान बघायला भाचीबरोबर निघालो, तेव्हा मनात नेढंच होतं.

डेलिकेट आर्च या तिथल्या नैसर्गिक कमानीला जाऊन-येऊन सुमारे 5 किलोमीटरची चाल. सावली जवळपास नाहीच, पाणी आपलं आपण न्यायचं. उघड्या कातळावरून चढत शेवटी कड्याच्या कडेनं वळलं, की एकदम ती लाल कमान समोर उभी राहते. आतली मोकळी जागाच 14 मीटर उंच, म्हणजे चार मजली इमारत खालून सहज जाईल! पायथ्याशी तळवा टेकवला, तर हाताला बारीक लाल रवा लागला. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडाला, बेसॉल्टला, हात लावून असं कधी होत नाही.

ही कमान वालुकाश्माची, आणि वालुकाश्म म्हणजे राजगिऱ्याचा लाडू समजा. दाणे वाळूचे, आणि त्यांना धरून ठेवणारा गूळ म्हणजे मुख्यतः कॅल्साइट हे चुन्याच्या जातीचं खनिज. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि हा गूळ विरघळवतं. थंडीत फटीतलं पाणी गोठून फुगतं, कपच्या निघतात. वर्षभरात तिथं पडतो जेमतेम 200 ते 250 मिलिमीटर पाऊस. गगनबावड्यात तेवढा कधीकधी एका दिवसात पडतो. म्हणून तिथलं हे काम फार सावकाश चालतं.

मुळात भेगा पडल्या त्या मिठामुळं. सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचं मीठ खाली आहे. वरच्या ओझ्यानं ते सरकलं, फुगलं, आणि वरचा खडक समांतर भेगांनी चिरला. भेगा रुंदावत गेल्या, मधे पातळ भिंती उरल्या, भिंतींना भोकं पडली. आज तिथं 2000हून जास्त कमानी आहेत.

पण गूळ विरघळत असेल, तर लाडू ढासळत कसा नाही? याचं उत्तर मला सगळ्यात सुंदर वाटतं. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातल्या ब्रुथान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 साली ते मांडलं. त्यांनी घट्ट बसलेल्या वाळूच्या ठोकळ्यांवर वजन ठेवून ते पाण्यात भिजवले. जिथं भार पोचत नव्हता, तिथले दाणे सुटून गेले. जसजसं अंग कमी झालं, तसतसा उरलेल्या भागावरचा दाब वाढला. दाणे एकमेकांत गच्च अडकले आणि झीज थांबली. पंचगंगेवरच्या जुन्या शिवाजी पुलाच्या कमानीही दगडावर दगड दाबूनच उभ्या आहेत. पण तिथं गवंड्यानं आकार आधी ठरवला होता. इथं ओझं आधी होतं, आकार मागाहून आला. भार न वाहणारं तेवढं गळून गेलं.

अर्थात यालाही मर्यादा आहे. 93 मीटर लांबीच्या लँडस्केप आर्चमधून 1991 साली 18 मीटर लांबीचा तुकडा कोसळला. तेव्हापासून तिच्या खालून जाणं बंद आहे. 2008च्या ऑगस्टमध्ये वॉल आर्च तर रातोरात गेली.

डेलिकेट आर्चचा एक पाय मधेच चांगलाच बारीक झालाय. भाची बराच वेळ तिथंच बघत होती. 1950च्या दशकात या कमानीवर पारदर्शक प्लास्टिकचा लेप द्यायचा विचार झाला होता, असं मी तिला सांगितलं. अव्यवहार्य आणि उद्यानाच्या तत्त्वाविरुद्ध म्हणून तो सोडून दिला. "बरं केलं मामा," ती म्हणाली, आणि आम्ही ऊन कलेपर्यंत तिथंच बसून राहिलो.