चांद्याचे लोखंड आणि नसलेला कोक

1882 साली रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा एक अहवाल जमशेटजी टाटांच्या हाती पडला. चांदा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, लोहारा गावाजवळ उत्तम लोहखनिजाची टेकडी आहे आणि वरोऱ्याचा कोळसा तिथून फार लांब नाही, असे त्यात होते. नागपूरची एम्प्रेस मिल तेव्हा पाच वर्षांची झाली होती, त्यामुळे हा मुलूख टाटांना नवा नव्हता. त्यांनी वरोऱ्याच्या कोळशाचे नमुने जर्मनीत तपासायला दिले. तो कोळसा लोखंड गाळायला चालत नाही, असे उत्तर आले. खाणपट्ट्याच्या सरकारी अटीही जाचक होत्या, आणि विषय तिथेच थांबला.

भारतीय पोलादाच्या कार्बन उत्सर्जनाविषयी आज जे बोलले जाते, त्याची मुळे या फेटाळलेल्या नमुन्यांपर्यंत जातात. खनिज मुबलक, कोळसाही मुबलक, पण हवा तो कोळसा नाही. या अडचणीतून आपल्याकडे जे मार्ग निघाले, त्यांनी आपल्या पोलादाचा कार्बन ठरवला.

लोहखनिज म्हणजे लोखंड आणि ऑक्सिजन यांची घट्ट जोडी. नुसत्या उष्णतेने ती व्यवहारात तुटत नाही. ऑक्सिजन ओढून घेणारे तिसरे काहीतरी लागते, आणि ते काम हजारो वर्षे कार्बनने केले. म्हणून पोलाद कारखान्यातला कोळसा आणि वीजघरातला कोळसा यांत मोठा फरक आहे. वीजघरात कोळशाऐवजी सूर्यप्रकाश चालतो, कारण तिथे फक्त ऊर्जा हवी असते. लोखंडाच्या भट्टीत कोळसा इंधन आहेच, शिवाय रसायनही आहे.

गावोगावच्या छोट्या भट्ट्यांत लोणारी कोळसा चाले. इंग्लंडमध्ये 1709 साली कोलब्रुकडेलला अब्राहम डार्बीने त्याऐवजी दगडी कोळशापासून केलेला कोक वापरला. कोक म्हणजे कोळसा हवेविना भाजून वायुरूप घटक काढून टाकल्यावर उरणारा कडक, सच्छिद्र गोळा. झोतभट्टीत, म्हणजे ब्लास्ट फर्नेसमध्ये, तो तीन कामे करतो: जळून उष्णता देतो, त्याच्यापासून बनणारा कार्बन मोनॉक्साइड ऑक्सिजन ओढतो, आणि वरच्या खनिजाचे ओझे पेलत गरम हवेला वाट ठेवतो. तिसरे काम मऊ कोळशाला जमत नाही. तो चुरगळला की भट्टी गुदमरते. वरोऱ्याचा कोळसा जळणारा होता, पण कोक होणारा नव्हता.

1904 च्या सुमारास जमशेटजींचे पुत्र दोराबजी टाटा आणि अमेरिकन भूगर्भतज्ज्ञ सी. एम. वेल्ड यांनी चांदा जिल्हा पुन्हा पालथा घातला, तेव्हाही भट्टीचे गणित जुळले नाही. नागपूरच्या संग्रहालयात दोराबजींना एका नकाशावर दुर्ग जिल्ह्यातल्या लोहखनिजाच्या खुणा दिसल्या आणि शोध पूर्वेकडे वळला. पुढे भूगर्भतज्ज्ञ प्रमथनाथ बोस यांच्या पत्रामुळे मयूरभंजचे खनिज कळले. झरियाचा कोकयोग्य कोळसा त्याला जवळ होता. 1912 च्या फेब्रुवारीत जमशेदपूरला पहिले पोलाद निघाले. दुर्गच्या दल्ली-राजहराचे खनिज 1959 पासून भिलाईला जाऊ लागले. चांद्याचे बहुतेक खनिज जमिनीतच राहिले.

कोकची अट 1980 साली एका वेगळ्या भट्टीने काढून टाकली. आजच्या तेलंगणातल्या पाल्वंचा इथे वर्षाला 30,000 टनांचा, कोळशावर चालणारा देशातला पहिला स्पंज आयर्न कारखाना सुरू झाला. ही भट्टी म्हणजे आडवी, किंचित उतरती, सावकाश फिरणारी नळी. साधारण हजार अंश सेल्सिअसला खनिज वितळत नाही, घनरूपातच ऑक्सिजन सोडते आणि स्पंजासारखे छिद्राळ होते. ओझे पेलायचा प्रश्न नसल्याने साधा कोळसा चालतो. वर्धा खोऱ्यात नेमका तोच आहे. भंडारा जिल्ह्यातल्या वरठी आणि चंद्रपूरच्या घुग्घुस इथे असे कारखाने उभे राहिले. छत्तीसगड, ओडिशा, झारखंडमध्ये तर शेकड्यांनी भट्ट्या लागल्या. 2003 पासून स्पंज आयर्नच्या उत्पादनात भारत जगात पहिला आहे. या यशाची कार्बनमधली किंमत तेव्हा कोणी मोजत नव्हते.

ती एका भट्टीवर मोजता येते. दिवसाला 100 टन काढणारी भट्टी साधारण 42 मीटर लांब आणि 3 मीटर व्यासाची असते. खनिजाचे खडे किंवा पेलेट (खनिजाच्या भुकटीच्या भाजलेल्या गोळ्या), कोळसा आणि गंधक शोषायला थोडा डोलोमाइट हा चुनखडीसारखा दगड एका टोकाने जातो. दुसऱ्या टोकाने निघालेला माल कूलरमधून चुंबकावर येतो. स्पंज चिकटते, न जळलेला कोळसा आणि राख, म्हणजे डोलोचार, वेगळा पडतो. रसायनशास्त्राच्या हिशेबाने एक टन लोखंड सोडवायला कमीत कमी 160 किलो कार्बन पुरतो. भट्टीत मात्र 420 ते 450 किलो स्थिर कार्बन, म्हणजे वायू होऊन न उडणारा कार्बन, घालावा लागतो. उरलेला धुराच्या उष्णतेत, डोलोचारात आणि भट्टी गरम ठेवण्यात जातो. कोळशातल्या वायुरूप घटकांचा कार्बन धरला, तर टनामागे दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड होतो, आणि पोलाद अजून वितळायचेच असते.

रिंग धरल्यामुळेही बराच कार्बन वाया जातो. कोळशाची राख कमी तापमानाला मऊ होणारी असली, खनिजात भुकटी जास्त आली किंवा तापमान 1050 अंशांच्या वर गेले, की अर्धवट वितळलेला थर आतल्या विटांना चिकटतो आणि चकतीसारखा वाढत जातो. आधी धुराचा दाब बदलतो, मग माल पुढे सरकेनासा होतो आणि शेवटी भट्टी थंड करून रिंग फोडावी लागते. पुन्हा तापवायला दोन-तीन दिवस जातात. तेवढे दिवस नुसते इंधन जळते, माल निघत नाही. म्हणून इथे उत्सर्जन कमी करायची पहिली पायरी ही नीट भट्टी चालवण्याचीच आहे: खनिज चाळून घेणे, खड्यांऐवजी पेलेट घालणे, राख कुठल्या तापमानाला मऊ होते ते कोळशाच्या प्रत्येक खेपेला तपासणे, हवेचे पंखे थर्मोकपलच्या, म्हणजे भट्टीतल्या तापमापकांच्या, आकड्यांनुसार चालवणे.

दुसरी पायरी धुराची. तो नऊशे-हजार अंशांवर बाहेर पडतो. त्यावर बॉयलर बसवला, तर 100 टनांच्या भट्टीमागे साधारण 2 मेगावॅट वीज मिळते, म्हणजे टनामागे 480 युनिट. ग्रिडच्या एका युनिटमागे आपल्याकडे 0.7 किलोहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड धरला जातो. त्या मापाने टनामागे सुमारे 350 किलोंची बचत होते. मोठ्या कारखान्यांत हे बॉयलर रूढ झाले. एक-दोन छोट्या भट्ट्यांच्या मालकाला बॉयलर आणि टर्बाइनचा खर्च झेपत नाही, आणि तिथे ही उष्णता आजही चिमणीतून जाते. जवळजवळच्या भट्ट्यांना मिळून एक टर्बाइन, हा उपाय त्यांच्यासाठी सर्वांत व्यवहार्य वाटतो.

खाणीतला डिझेलचा कार्बन या तुलनेत थोडा आहे. तरी लिटरमागे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड आणि शेकडो ट्रकांच्या फेऱ्या धरल्या तर तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. गडचिरोलीत सूरजागडचे खनिज हेडरीहून कोनसरीला पाण्यात कालवून पाइपलाइनने नेण्याची सोय आता झाली आहे. रस्त्यावरच्या गावांना त्याचा फायदा कार्बनच्या आकड्याहून मोठा आहे.

कोकणात याच काळात वेगळा प्रयोग झाला, आणि त्याची आठवण फार कमी ठेवली जाते. रायगड जिल्ह्यात साळावला 1993 मध्ये आणि डोलवीला 1994 मध्ये नैसर्गिक वायूवर चालणारे स्पंज आयर्नचे कारखाने सुरू झाले. गुजरातेत हजिऱ्याला त्याआधीच झाला होता. उभ्या भट्टीत, म्हणजे शाफ्टमध्ये, वरून पेलेट, खालून नैसर्गिक वायूपासून केलेला, तापवलेला हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड. टनामागे उत्सर्जन अर्ध्या टनाच्या थोडे वर, म्हणजे कोळशाच्या भट्टीच्या चौथाई-तिहाई. हे तंत्र आपल्या हातात तीस वर्षांपूर्वी होते. अडले ते वायूवर. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या वायूचे उत्पादन 2011 नंतर घसरत गेले, आयात वायू महाग पडला आणि शाफ्ट अर्ध्या क्षमतेवर किंवा बंद राहिले. डोलवीला कोक भट्ट्यांतून निघणारा, हायड्रोजनने भरलेला वायू शाफ्टमध्ये सोडून त्यावर काही अंशी मात केली गेली. ज्यांच्याकडे कोक ओव्हन आणि शाफ्ट दोन्ही आहेत, त्यांच्यासाठी हा नमुना आजही उपयोगी आहे.

याच शाफ्टमध्ये पूर्ण हायड्रोजन सोडला, तर धुराऐवजी पाण्याची वाफ निघते. स्वीडनमध्ये 2016 साली पोलाद, खाण आणि वीज क्षेत्रांतल्या तीन कंपन्यांनी हायब्रिट हा प्रकल्प हाती घेतला. लुलेओच्या प्रायोगिक शाफ्टमधून 2021 मध्ये हायड्रोजनवरचे स्पंज निघाले. स्वीडनकडे जलविद्युत आहे आणि मॅग्नेटाइट हे उच्च दर्जाचे लोहखनिज आहे. आपल्याकडे दोन्ही तितके हाताशी नाही, म्हणून आकडे आपल्या मापाने पाहावेत.

एक टन लोखंडाला 54 किलो हायड्रोजन लागतो. किलोला 50 ते 55 युनिट धरले, तर फक्त तो बनवायला 2,700 ते 3,000 युनिट. ही वीज आजच्या ग्रिडवरून घेतली, तर टनामागे पुन्हा दोन टन कार्बन डायऑक्साइड होतो आणि कोळशाच्या भट्टीत आणि या शाफ्टमध्ये फरक उरत नाही. वर्षाला पाच लाख टनांच्या शाफ्टला सुमारे 145 कोटी युनिट लागतील, म्हणजे सव्वाआठशे मेगावॅटच्या आसपास सौरऊर्जा, आणि रात्रीसाठी हायड्रोजनचा साठा वेगळा. शिवाय हायड्रोजन उष्णता खातो, म्हणून वायू आधी तापवावा लागतो, आणि जास्त तापवला तर पेलेट एकमेकांना चिकटतात. या स्पंजमध्ये कार्बन नसल्याने पुढच्या, विजेच्या आर्क भट्टीत धातूवर तरंगणारी मळी (स्लॅग) फेसाळत नाही, म्हणून कार्बन बाहेरून घालावा लागतो. भारतीय खनिजातले ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचे ऑक्साइड) ही चौथी अडचण. ते आधी धुऊन काढले नाही, तर मळी वाढते आणि तिच्याबरोबर वीज. राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानातून पोलादाच्या प्रायोगिक प्रकल्पांसाठी 455 कोटी रुपये ठेवले आहेत. चाचण्यांना तेवढे पुरेल, कारखान्यांना नाही.

उरतो भंगाराचा मार्ग, आणि तो जालन्याच्या सळई कारखान्यांत रोज चालू आहे. भंगारातला ऑक्सिजन आधीच कोणीतरी काढून दिलेला असतो. विजेवर धातू वितळवणाऱ्या इंडक्शन भट्टीत टनामागे साधारण 600 युनिट लागतात, ग्रिडच्या विजेने म्हणाल तर सव्वाचारशे-साडेचारशे किलो कार्बन डायऑक्साइड. ओतलेला बिलेट, म्हणजे पोलादाचा लांब ठोकळा, लालबुंद असतानाच रोलिंगला नेला, तर रीहीटिंगचे 30 ते 40 लिटर तेल वाचते आणि त्याबरोबर शंभरेक किलो. मात्र इंडक्शन भट्टी धातू वितळवते, शुद्ध करत नाही. भंगारातले तांबे तसेच राहते, म्हणून ते पातळ करायला स्पंज घालतात. ते स्पंज कोळशाच्या भट्टीतले असते, आणि स्पंजचा फॉस्फरस सळईत उतरतो तो वेगळाच.

केंद्रीय पोलाद मंत्रालयाने डिसेंबर 2024 मध्ये हरित पोलादाची व्याख्या केली: टनामागे 2.2 टनांपेक्षा कमी उत्सर्जन असेल तर हरित, 1.6 पेक्षा कमी असेल तर पाच तारे. देशाची सरासरी अडीच टनांच्या आसपास आहे. युरोपात 1 जानेवारी 2026 पासून आयात पोलादावर कार्बन शुल्क प्रत्यक्ष लागू झाले. ढोबळ हिशेबाने सगळे कोळशाचे स्पंज वितळवणारी भट्टी 2.9 च्या आसपास जाते, अर्धे भंगार घातले तर 1.7 पर्यंत उतरते. म्हणजे जालन्याच्या सळईला किती तारे मिळणार, हे तिथल्या भट्टीइतकेच घुग्घुसच्या किंवा रायपूरच्या स्पंजमागे किती कोळसा जळला त्यावर ठरेल, आणि खरेदीच्या पावतीवर तो आकडा आज लिहिलेला नसतो.